मिरजेला यमक

शाळेतल्या मैत्रिणीचा फोन रात्री नऊनंतर आला, की एक तर कुणीतरी गेलेलं असतं किंवा आपल्या गळ्यात काहीतरी काम पडणार असतं. त्या रात्री सगळे सुखरूप होते.

“आपल्या बॅचची स्मरणिका काढतोय,” ती म्हणाली. “मिरजेवर एक कविता पाहिजे. तू लिही की.”

“अगं, मी आयुष्यभर बँकेत खतावण्या जुळवल्या. कविता कुठली?”

“तुझ्या रिटायरमेंटला तू चार ओळी म्हटल्या होत्यास. मला सगळं कळतं. बारा ओळी बास. फक्त यमक पाहिजे, मी चाल लावणार आहे.”

मिरजेत प्रत्येक वर्गात एक तरी चाल लावणारी असतेच. इतर गावांत वर्गात एक भांडखोर असते, एक हुशार असते. आमच्याकडे या दोघींशिवाय एक चाल लावणारी. तिला नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हटलं तरी ती त्याला चाल लावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. मिरज. याला यमक काय? पुण्याला ‘सोनं’पासून ‘उणं’पर्यंत काहीही चालतं. सांगलीला ‘चांगली’ आहे, आणि सांगलीकरांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतलेला आहे. सातारला ‘उतारा’ नाहीतर ‘म्हातारा’ मिळतो. मिरजेला? गरज. धीरज. नीरज. यातला धीरज आमच्या वर्गात होता आणि त्याच्यावर कविता करावी असं काही त्यानं केलं नव्हतं. ‘गरज’ आली, की मागून म्हण आपोआप येते आणि गावाची बदनामी होते.

तासाभरानं एकदम सापडलं: खरज! तंबोऱ्याची चौथी, जाड, खालच्या सुरातली तार. मिरजेला याहून चांगलं यमक कोण देणार? मी भराभर लिहीत सुटले. तंबोरा आला, सतार आली, मीरासाहेबांचा दर्गा आला, गणेश तलाव आला, विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या उंच स्वागत कमानी आल्या, वानलेस डॉक्टरांचं इस्पितळ आलं, जंक्शन आलं. बाराच्या चोवीस ओळी झाल्या. मी ह्यांना वाचून दाखवल्या.

हे अमरावतीचे. बोलण्यात एरवी काटकसर नाही, पण त्या दिवशी चष्मा काढून एवढंच म्हणाले, “छान आहे. फक्त खाली चौकशीसाठी फोन नंबर टाक.”

राग आला, पण खोटं नव्हतं. सगळी नामांकित माणसं ओळीनं उभी केली होती आणि मी कुठेच नव्हते. सतार मी आयुष्यात हातात धरलेली नाही. सतारमेकर गल्ली म्हणजे माझ्यासाठी गणिताच्या शिकवणीला जायचा जवळचा रस्ता. तिथून जाताना लाकूड तासल्याचा आणि पॉलिशचा वास यायचा, आणि दुकानांत मोठमोठे वाळके भोपळे टांगलेले असायचे. मला लहानपणी खरोखर वाटायचं, की गोष्टीतली म्हातारी लेकीकडून याच्यातच बसून टुणुक टुणुक करत परत आली आणि भोपळा इथं जमा केला.

ही गल्ली मुळात शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या माणसांची. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम संपत आलं तेव्हा त्यांतल्या फरीदसाहेबांनी वाद्यं करायला घेतली आणि गल्लीच्या गल्ली सतारीत शिरली. हे सगळं मला कळलं ते पुण्यात आल्यावर, वर्तमानपत्रात वाचून. गावात राहत होते तेव्हा गावाबद्दल काही माहिती असायची गरज नव्हती. (बघा, आलीच ‘गरज’.)

तरीही त्या चोवीस ओळींतली एक गोष्ट मला सोडवेना. विष्णु दिगंबर पलुसकर लहानपणी मिरजेला आले ते गाणं शिकायला नव्हे. फटाक्यानं डोळे दुखावले होते, त्यांवर इलाज करायला आले. डोळे काही नीट झाले नाहीत, पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर भेटले. बालगंधर्वांना शाहू महाराजांनी मिरजेला धाडलं ते कानाच्या उपचारासाठी, आणि तिथेच त्या मुलाला किर्लोस्कर मंडळीनं उचललं. 1905 साली तो मिरजेतच शकुंतला म्हणून रंगमंचावर उभा राहिला. अब्दुल करीम खाँसाहेब दुखण्यातून उठले ते मीरासाहेबांपुढे गाऊन, असं आमच्याकडे सांगतात. 1937 साली मद्रासकडच्या एका लहान स्टेशनवर, फलाटावरच त्यांनी देह ठेवला आणि दफन मात्र मिरजेला, दर्ग्याच्या आवारात झालं. अजून उरुसाला गवई तिथे येऊन गातात. म्हणजे हिशोब असा, की माणसं दुखणं घेऊन यायची आणि गाणं घेऊन जायची. दुखण्याचं पुढे काय व्हायचं, ते ज्याचं त्याचं नशीब.

हे मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “पण यातलं मिरजेचं कोण आहे?”

मी मोजायला बसले. पलुसकर कुरुंदवाडचे. खाँसाहेब उत्तर प्रदेशातल्या किराण्याचे. वानलेस जन्मानं कॅनडाचे. सतारीचा भोपळासुद्धा मिरजेत पिकत नाही, तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. लाकूड बाहेरचं, तारा बाहेरच्या. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं फिरली होती. ज्या वस्तूतलं काहीच मिरजेचं नाही, ती वस्तू सरकारी शिक्क्यानिशी मिरजेची! म्हटलं तर अन्याय आहे. पण मला मनातून बरं वाटलं. भोपळा कुठल्या वेलावर लागला हे सरकारनं विचारलं नाही. त्याला आवाज कुठं फुटला, तेवढं विचारलं.

बरं वाटण्याचं कारण खासगी आहे. मीही मिरजेची नाही.

जन्म हुबळीचा. बाबा रेल्वेत. मी पाच वर्षांची असताना त्यांची बदली मिरजेला झाली आणि आम्ही क्वार्टरमध्ये आलो. दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं वीतभर ओटा. घरावर नाव नव्हतं, नंबर होता. भिंतीत खिळा मारायचा तरी बाबा आईला म्हणायचे, “सरकारी भिंत आहे.” अशा सरकारी भिंतीला मी चव्वेचाळीस वर्षं ‘आमचं घर’ म्हणते आहे, आणि पुण्यात ज्या फ्लॅटचे हप्ते स्वतः फेडले त्याला ‘फ्लॅट’.

बाईमाणसाचं गाव ही मुळातच भानगडीची गोष्ट. लग्न झालं त्या वर्षी कुठल्याशा फॉर्मवर ‘मूळ गाव’ असा रकाना होता. मी मिरज लिहिलं. खिडकीतल्या साहेबांनी ते खोडलं आणि ह्यांच्याकडे बघून विचारलं, “तुमचं कुठलं?” तेव्हापासून माझं मूळ गाव अमरावती आहे. तिथं मी आजवर सगळे मिळून तीन महिने राहिले असेन, त्यातले दोन उन्हाळ्यात, कूलरपुढे. मुळं धरायला तेवढं पुरतं का, ते मला सांगता येत नाही.

पुणेकर तर कुणी बाहेरच्याला होऊच देत नाहीत. पस्तीस वर्षं झाली, अजून वाण्याकडे तोंड उघडलं की तो विचारतो, “कोल्हापूरकडच्या का?” कोल्हापूरकडच्या! माणूस मिरजेचा असला की त्याला सांगलीशी जोडाचिन्हानं बांधतात नाहीतर कोल्हापूरच्या पदरात टाकतात. महानगरपालिका झाली तीही सांगली-मिरज-कुपवाड. गावाला स्वतंत्र पूर्णविरामसुद्धा नाही.

आपल्याकडे घरावरची कविता बायकांनी रचली ती जात्यावर, पहाटे, सासरी बसून, आणि ती बहुतेक माहेरावर. राहतो त्या घरावर ओवी कशी सुचणार? तिथं दळायचं असतं. बहिणाबाई चौधरींनी आसोद्यावर जीव टाकला तोही जळगावात सासरी राहून, आणि ती गाणी पुस्तकात आली 1952 साली, त्या गेल्यानंतर. त्यांचं नाव घेऊन मी स्वतःला त्यांच्या रांगेत बसवत नाही. माझ्याकडे जातं नाही, मिक्सर आहे, आणि त्याच्या आवाजात काही सुचत नाही. पण नियम तोच असावा. मेंटेनन्स भरायचा असतो त्या जागेवर कविता होत नसते. जिथं आता कुणी आपल्याकडे पाणीपट्टी मागत नाही, ती जागा एकदम रम्य दिसू लागते.

तर मग जे स्वतः पाहिलं तेच लिहायचं ठरवलं. म्हणजे स्टेशन.

मिरज स्टेशन ज्यानं पाहिलं नाही असा माणूस आपल्या भागात विरळा, आणि ज्यानं ते जागेपणी पाहिलं आहे असाही विरळाच. बहुतेकांनी ते रात्री, वरच्या बर्थवरून, एक डोळा उघडून पाहिलेलं असतं. कोल्हापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथं सुटतं आणि वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागतं. झोपलेल्यांना पत्ता नसतो. पुढे तोंड करून बसलेला माणूस सांगलीला जागा होतो तो मागे तोंड करून, आणि उगाच वाटतं की गाडी परत कोल्हापूरला निघाली. लहानपणी आम्ही ओट्यावर बसून अशा माणसांचे चेहरे कल्पून हसायचो.

त्या वेळी स्टेशनात तीन तऱ्हेचे रूळ होते. 1971 साली पुण्याकडून ब्रॉडगेज आली, खाली बेळगावकडे जायला मीटरगेज होती आणि पंढरपूर, कुर्डूवाडी, बार्शी करत थेट लातूरला जाणारी ती चिमुकली नॅरोगेज. ब्रॉडगेजची रुंदी साडेपाच फूट, म्हणजे बाबांची उंची. ते गमतीनं सांगायचे, की मी आडवा पडलो तर बरोबर या रुळापासून त्या रुळापर्यंत पुरतो. आई म्हणायची, “असलं काही बोलू नका.” मीटरगेज म्हणजे आईच्या कमरेपर्यंतची मी. आणि अडीच फुटांची नॅरोगेज म्हणजे आमचा धाकटा. घरातली माणसं मोजायला आम्हाला रूळ होते. पंढरपूरच्या वारीला त्या धाकट्या गाडीत माणसं दारातून, खिडकीतून, टपावरून अशी काही भरायची की गाडी दिसायचीच नाही. एक गर्दी हळूहळू पूर्वेकडे सरकते आहे, एवढंच दिसायचं.

हे सगळं लिहिताना एक ओळ फार सुरेख जमली. क्वार्टरच्या दारात कडुलिंबाचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत नळाला रांग लागायची, अशी. ‘कडुलिंब’ वृत्तात नेमका बसत होता. तरी खात्रीसाठी भावाला फोन केला. तो अजून मिरजेतच असतो, आई त्याच्याकडे.

“आपल्या दारात कडुलिंब होता ना रे?”

“आंबा होता की, आक्का.”

“आंबा? चल!”

“मी कैऱ्या पाडल्यात की त्याच्या. तू शिकवणीला जायचीस तवा.”

आंबा वृत्तात बसत नव्हता, म्हणून मी वाद घातला. त्यानं फोन आईकडे दिला. आई चौऱ्याऐंशीची आहे. कान थोडे गेलेत, पण साल, भाव आणि कोण कुणाशी कसं वागलं, हे सगळं जागेवर आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “झाड नव्हतंच गं कुठलं. कैऱ्या ह्यानं स्टेशनमास्तरांच्या अंगणातनं पाडल्या, आणि त्याबद्दल मारही खाल्लाय.”

“मग सावली कशाची होती?”

“टाकीची की. इंजिनाला पाणी घालायची टाकी. दुपारनंतर तिची सावली आपल्या दारात यायची. तिच्याखाली नळ गळायचा, तिथं तर तुम्ही घागरी लावायचात.”

फोन ठेवला आणि किती तरी वेळ तशीच बसले. चव्वेचाळीस वर्षं मनात मी त्या टाकीला पालवी फोडत होते. निंबोण्यासुद्धा पाडल्या होत्या.

टाकी म्हटल्यावर 2016 चा एप्रिल आठवला. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं आणि सरकारनं रेल्वेनं पाणी पाठवायचं ठरवलं, तेही मिरजेहून. हे टीव्हीपुढून ओरडले, “अगं ये, तुझं स्टेशन दाखवतायत!” पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. सुमारे तीनशे चाळीस किलोमीटर जाऊन ती लातूरला पोचली तेव्हा माणसं तिला हार घालत होती. निवेदक सारखे सांगत होते, की हे पहिल्यांदाच घडतंय. मी मात्र पडद्याच्या कोपऱ्यात आमच्या क्वार्टरची रांग दिसते का ते शोधत होते. आमच्या लहानपणी त्याच स्टेशनात इंजिनं पाणी पिऊन लातूरच्या वाटेला लागायची. पाणी तेव्हाही मिरजेहूनच जायचं, पण इंजिनाच्या पोटातून.

आणि मग आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती त्या फोनमुळे. भाऊ आणि आई दोघंही प्रत्येक वाक्य ‘की’वर टेकवत होते. होता की. पाडल्यात की. टाकीची की. हा ‘की’ पुण्यात येऊन मी कधी गाळला ते मला आठवत नाही. कुणी हसलं असेल, किंवा कुणी हसेल म्हणून मीच गाळला असेन. पुण्याचा ‘ना’ समोरच्याची संमती मागतो. ह्यांच्याकडचा ‘नं’ थोडा लाडात येतो. आमचा ‘की’ काही मागत नाही. हे तर तुलाही ठाऊक आहे, एवढं तो सुचवतो आणि खाली बसतो. कानडी शेजारातून आला म्हणावं तर आला असेल. आमच्या कॉलनीत कानडी, तेलुगू, तमिळ सगळंच होतं, आणि नळावरच्या भांडणात त्या सगळ्यांचं मराठी ‘की’वरच येऊन थांबायचं.

चोवीस ओळी फाडल्या. ‘मिरज’ हा शब्दच घ्यायचा नाही असं ठरवल्यावर यमकाचा प्रश्न मिटला. बाराऐवजी चारच ओळी झाल्या:

दारावरती काळी टाकी छत्री धरते की
थेंब थेंब तो नळ गळतो अन् घागर भरते की
आली गाडी, सुटलं इंजिन, गाडी फिरते की
गेली गाडी, फलाटावरी हाकच उरते की

ह्यांना दाखवल्या. ह्यांनी दोनदा वाचल्या आणि विचारलं, “हाक कुणाची?” मी म्हटलं, चहावाल्याची. ते म्हणाले, “मग बरोबर आहे.” फोन नंबरचं काही बोलले नाहीत.

मैत्रिणीचा मात्र लगेच फोन आला. “चांगली आहे गं, पण सतार कुठाय? दर्गा नाही, काही नाही. लोक म्हणतील ही मिरजेची की मनमाडची?” मी म्हटलं, मनमाडला तोंड फिरतं का ते मला ठाऊक नाही. तिनं स्वतःच एक ओळ जोडते म्हणून सांगितलं आणि अर्ध्या तासात पाठवलीही: ‘सतार वाजे घरोघरी अन् तार थरथरते की’. घरोघरी सतार वाजणाऱ्या गावात कुणाला झोप लागली असती, हे मी विचारलं नाही. चाल तिची, हक्क तिचा.

स्मरणिका पुण्यात छापली, वर्गातल्याच एकाच्या ओळखीनं. बॅचच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी मिरजेला उतरले, भावानं गठ्ठ्यातली एक प्रत आधीच घरी आणून ठेवली होती. उघडून बघते तर कविता होती, चौकट होती, वर सतारीचं चित्र होतं आणि ओळींच्या शेवटी काहीच नव्हतं. छत्री धरते. घागर भरते. गाडी फिरते. हाकच उरते. मुद्रितशोधन कुणी केलं देव जाणे. जो कोणी होता त्यानं अनावश्यक शब्द म्हणून सगळे ‘की’ वेचून टाकले होते. पाचही. अगदी स्वच्छ पुणेरी काम.

मी तोंड पाडून बसले. आईनं भिंग मागितलं, स्मरणिका मांडीवर घेतली आणि प्रार्थना म्हणावी तशा लयीत, बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागली. “दारावरती काळी टाकी छत्री धरते की. थेंब थेंब तो नळ गळतो अन् घागर भरते की…”

मी तिच्या खांद्यावरून वाकून पुन्हा पाहिलं. कागदावर नव्हताच.

पाचवी ओळ झाल्यावर तिनं भिंग खाली ठेवलं. “बरं केलंयस की,” म्हणाली. “पण टाकी काळी नव्हती गं. तांबडी होती.”

“आई, काळी होती की!” भाऊ आतनं ओरडला.

“तुला काय माहीत? तू कैऱ्या चोरत होतास.”

‘तांबडी’ वृत्तात बसते का ते बघायला मी पेन शोधायला उठले.